कोड ८ : माहीत नाही

त्या दिवशी मी सर्वेक्षणाच्या अकरा मुलाखती केल्या. रात्री साडेनऊला सुपरवायझरचा मेसेज आला, त्यातल्या सात रद्द. आमच्याकडे पगार नसतो, मुलाखतीमागे पैसे मिळतात. म्हणजे सात घरांसाठी अंगावर घेतलेलं ऊन फुकट गेलं. रागही आला आणि हसूही. राग का आला ते उघड आहे. हसू याचं की ज्या चार मुलाखती पास झाल्या त्यातली एक तरी चुकीची होती, हे मला माहीत होतं आणि मेसेज पाठवणाऱ्याला नव्हतं.

एप्रिल २०२४ चा शेवटचा आठवडा. सोलापूरचं मतदान ७ मेला होतं. पेपरात रोज पारा ४२, ४३ असा छापून यायचा आणि खालच्याच रकान्यात उजनी धरण किती मायनसमध्ये गेलं ते. बाहेरगावच्यांना हे मायनस समजत नाही. धरणात उणे पाणी असतं होय, असं विचारतात. उजनीचा मृतसाठाच ६३ टीएमसीच्या, म्हणजे ६३ अब्ज घनफुटांच्या, वर आहे. वरचं वापरायचं पाणी संपलं की त्या मृतसाठ्यातनं उचलायला लागतात आणि आकडा शून्याच्या खाली मोजायला लागतात. आधीच्या पावसाळ्यात धरण साठेक टक्क्यांवर अडलं होतं, त्यामुळं जानेवारीतच मायनस सुरू झालं. जूनपर्यंत ते उणे साठच्या आसपास गेलं. शहरात नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी, तेही कधी पहाटे तर कधी मध्यरात्री.

मी नऊ वर्षं सर्वेक्षणाची कामं करते. साबण, शाम्पू, मोबाइलची रेंज, शौचालय आहे का, असलं तर वापरता का, कोण निवडून येणार, सगळं विचारून झालंय. निवडणुकीच्या हंगामात आम्हाला चांगले दिवस येतात. या वेळचं काम मात्र वेगळं निघालं: जागतिक तापमानवाढ आणि त्यावरची सरकारी धोरणं याबद्दल मतदारांना काय वाटतं. कुणासाठी ते आम्हाला सांगत नाहीत, आम्हीही विचारत नाही. प्रशिक्षण ऑनलाइन झालं, दोन तासांचं. त्यात एकच गोष्ट दहा वेळा सांगितली, प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा. समजावून सांगायचं नाही, उदाहरण द्यायचं नाही, मान डोलवायची नाही. समोरच्याला कळलं नाही तर तोच प्रश्न पुन्हा वाचायचा. तरी नाही कळलं तर कोड ८, माहीत नाही.

ही शिस्त मला मान्य आहे, आधीच सांगून ठेवते. विचारणाऱ्यानं स्वतःची भर घातली की उत्तर त्याचंच होऊन बसतं, लोकांचं राहत नाही.

अडचण होती प्रश्न क्रमांक चौदाची. ‘जागतिक तापमानवाढ किंवा हवामान बदल याविषयी आपण कितपत ऐकले आहे? पुष्कळ, काही प्रमाणात, अगदी थोडे, की कधीच ऐकलेले नाही?’

सकाळी साडेसातला नीलम नगरच्या बाजूला सुरुवात केली. मतदार यादीतून ठरावीक अंतरानं नावं काढून दिलेली असतात, त्याच माणसांना गाठायचं. पहिलं नाव वारलेलं. दुसरं लग्न होऊन हैदराबादला गेलेलं. तिसरे भेटले ते एक निवृत्त गृहस्थ. चौदावा प्रश्न वाचल्यावर म्हणाले, “हवामान बदल? होतोय की ओ. काल ढगाळ होतं, आज बघा कसं कडक पडलंय.” मी पुन्हा वाचला. ते म्हणाले, “तेच सांगलालोय की.” आता सांगा, हा ‘पुष्कळ’ की ‘कधीच नाही’? आकाशवाणीपासून टीव्हीपर्यंत मराठी माणसाला हवामान म्हणजे उद्या पाऊस पडणार का एवढंच माहीत. त्याला नुसता ‘बदल’ जोडून जगाच्या तापमानाचा अर्थ कसा निघायचा? सरकारी खात्यानं आपल्या नावात ‘वातावरणीय बदल’ असं घेतलंय, ते तर कुणाच्या जिभेवरच बसत नाही. मी ‘अगदी थोडे’ दाबलं आणि पुढं गेले.

चौथ्या घरात अक्का भेटली. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बायकांना मी अक्काच म्हणते, त्याही मला अक्का म्हणतात. वयाचा प्रश्न येत नाही. पन्नाशीची असेल. दारातच सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती, शेजारी जावेची सून. पत्र्याचं घर, पुढं गोणपाटाचा आडोसा, त्यावर पाणी शिंपडलेलं.

“कुठल्या पक्षाचं?” तिनं वर न बघताच विचारलं.

“कुठल्याच नाही अक्का, सर्व्हे आहे.”

“मग काय मिळतंय?”

“काही नाही.”

“बरं झालं खरं बोललीस,” म्हणाली. “बस.”

पहिले दहा-बारा प्रश्न सुरळीत गेले. मत देताना सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा कुठला, हा मोकळा प्रश्न असतो, तिथं ती “मजुरी” म्हणाली आणि सून “महागाई” म्हणाली. त्याच निवडणुकीआधी लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेची देशभरातली पाहणी आली होती. तीत २७ टक्के लोकांनी बेरोजगारी आणि २३ टक्क्यांनी महागाई सांगितली होती. आमच्याकडंही तेच चाललं होतं. त्या आठवड्यात मोकळ्या प्रश्नाला ‘हवामान’ म्हणणारा एकच माणूस मला भेटला. त्याचं म्हणणं, हवामानाचे अंदाज सांगणारे पंजाबराव डख परभणीतनं उभे आहेत, आपल्याकडनं उभे असते तर त्यांना दिलं असतं. दोन्ही मोठ्या पक्षांच्या जाहीरनाम्यांत हवामानबदलाचा उल्लेख होता, तो मी घरी बसून वाचला होता. मी ऐकलेल्या एकाही भाषणात तो आला नाही.

मग चौदावा प्रश्न. वाचला. अक्का विडीचं तोंड नखानं मुडपत होती, थांबली नाही. “काय की बाई. नाय ऐकलं.”

नियमाप्रमाणे मी पुन्हा वाचला. “सांगितलं की नाय म्हणून.”

बोट ‘कधीच ऐकलेले नाही’वर नेलं. तेवढ्यात तिनं सुनेला तेलुगूत काहीतरी सांगितलं. त्यातला एकच शब्द मला कळला, एंडा. ऊन. सुनेनं शेजारच्या गोणपाटाखालनं पानांची गड्डी काढली, वरचं पान उचललं आणि बोटांत घेऊन दुमडलं. करकन तडा गेला.

“हे बघ,” अक्का म्हणाली. आता तिनं पहिल्यांदा हातातलं काम खाली ठेवलं. “रात्री भिजवायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळायचं. पहिलं दुपारपर्यंत पान मऊ राहायचं. आता अकरा वाजता बघ.” तिनं दुसरं पान घेतलं, पत्र्याचा फर्मा त्यावर ठेवून कात्रीनं कापलं. कडेला बारीक भेग. ते टाकलं. तिसरं चालण्यासारखं निघालं. चौथं पुन्हा टाकलं. “कारखान्यातनं पान मोजून मिळतंय. हजार विड्या द्यायच्या. फाटलं तर फाटलं, कमी पडलं की पदरचं घालून आणायचं. आणि भिजवायला पाणी? पाणी कधी येतंय तुला माहिताय.”

“किती वर्षं असं?”

“आमच्या सासूच्या वेळी एवढं नव्हतं. माझ्या लग्नानंतर पण नव्हतं. हे आता आता. चैत्रातच असं व्हायलंय, आधी वैशाखात व्हायचं.”

मी टॅबकडं बघितलं. स्क्रीनवर निळा गोळा ‘कधीच ऐकलेले नाही’वर होता आणि खाली आवाजाची लाल खूण लुकलुकत होती. मुलाखतीचं रेकॉर्डिंग होतं, तशी सही आधीच घेतलेली असते. इथं मी चुकले. मी म्हणाले, “अक्का, मी जे विचारतेय ना, ते हेच आहे. जगात सगळीकडं ऊन वाढलंय, पाऊस बिघडलाय, त्याला हवामान बदल म्हणतात. त्याबद्दल ऐकलंय का?”

“मग असं मराठीत विचार की!” म्हणाली. “ते ऐकलंय. टीव्हीवर पण दाखवतात.”

मी ‘काही प्रमाणात’ दाबलं. एकदा केलं ते केलं, पुढच्या सहा घरांतही तसंच विचारत गेले. काम भराभर झालं, लोकही बोलायला लागले. त्याच सात मुलाखती रात्री उडाल्या.

हे का चुकीचं, ते मलाही कळत होतं. अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि सीव्होटर ही पाहण्या करणारी संस्था यांनी २०२१-२२ मध्ये भारतात ४,६१९ लोकांची अशीच पाहणी केली होती. आमच्या कामाशी तिचा संबंध नाही, मी हौसेनं वाचली होती. तीत ५४ टक्के लोक म्हणाले, याबद्दल अगदी थोडं माहीत आहे किंवा कधीच ऐकलं नाही. मग त्यांना तापमानवाढ म्हणजे काय याची छोटी व्याख्या वाचून दाखवली. ती ऐकल्यावर ८४ टक्के म्हणाले, हो, असं होतंय. या दोन आकड्यांच्या मधे दोन-तीन वाक्यं आहेत. ती वाक्यं कधी वाचायची, आधी की नंतर, यावर सगळा खेळ आहे. मी ती आधी वाचली, तीही माझ्या शब्दांत. सुपरवायझरच्या जागी मी असते तर मीही रद्द केल्या असत्या. आता त्याला हे सांगणार नाही, हा भाग वेगळा.

त्या सातांत एक यंत्रमागवाला होता. टर्किश टॉवेलचा छोटा कारखाना, आठ माग, शेडला पत्रे. बारा वाजले होते. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येईना, म्हणून आम्ही बाहेर लिंबाखाली उभे राहिलो. आत कामगार बनियनवर, जमिनीवर बादलीनं पाणी मारलेलं. हवा कोरडी झाली की सूत तुटतं. तुटलं की माग थांबतो, गाठ मारायची, पुन्हा चालू. पाणी मारलं की जरा दमटपणा येतो. पण तेच पाणी चौथ्या दिवशी येणारं.

मी त्यांना व्याख्या वाचून दाखवली, छापलेली, अक्षरशः. ‘गेल्या शतकभरात पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढले असून’ असं काहीसं होतं. मालक हसले. “एक अंश? माझ्या शेडमध्ये सकाळ आणि दुपारमध्ये दहाचा फरक पडतोय मॅडम. एका अंशानं काय होतंय?” उत्तर मला येत होतं. एखाद्या दुपारचा एक अंश आणि अख्ख्या पृथ्वीच्या वर्षभराच्या सरासरीतला एक अंश यांत फार अंतर आहे. आधीचं २०२३ साल नोंदी सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात गरम ठरलं होतं. पण मतमोजणीच्या टेबलावर बसलेल्या माणसानं उमेदवाराला हात करायचा नसतो, तसं आमचं. गप्प राहिले.

पुढचा प्रश्न होता, कोळशावरची वीज कमी करून सौर आणि पवनऊर्जा वाढवण्यासाठी वीजबिल थोडे वाढले तरी चालेल का. मालकांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच मीटर रीडिंगला आलेय. “आधी मला सांगा, सोलर लावलं की बिल कमी होतंय म्हणून सगळे सांगतेत, आणि तुमच्या कागदावर वाढतंय. खरं काय?” मग म्हणाले, बसवलं असतं, पण शेडचा पत्रा पेलत नाही. आधी लोखंडी सांगाडा करायला लागेल, त्याला कोण पैसे देतंय. धोरणाबद्दल एवढं मुद्द्याचं बोलणारा माणूस मला महिनाभरात भेटला नव्हता. फॉर्ममध्ये मात्र ते ‘विरोध’ असे नोंदले गेले, कारण ‘पत्रा पेलत नाही’ला कोड नव्हता.

दुपारी दुसरं बूथ दक्षिण सोलापुरात, होटगी रोडनं पुढं, फताटेवाडीच्या पलीकडचं एक गाव. माझ्याबरोबर गाडीवर एक सहकारी होता, नान्नजकडचा, जिथं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. त्याला मी वाटेत सांगितलं की गेल्याच महिन्यात, २१ मार्चला, सुप्रीम कोर्टानं हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क मानलाय, आणि तो निकाल चक्क माळढोकच्या खटल्यात आलाय. तो गाडी चालवता चालवता ओरडला, “माळढोकच्या? आमच्या बापानं माळढोकपायी वीस वर्षं जमिनीच्या खरेदी-विक्रीला परवानग्या मागितल्या, आणि हक्क तिथनं निघाला होय?” राजस्थान-गुजरातमधल्या विजेच्या तारांवरून झालेला खटला तो, नान्नजचा त्यात काही संबंध नव्हता. पण त्याच्या डोक्यात माळढोक म्हणजे सातबारा. पुढं तो बराच वेळ बोलला नाही.

गावात शिरायच्या आधीपासून एनटीपीसीच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात. ६६० मेगावॉटचे दोन संच, एकूण १,३२० मेगावॉट. कोळसा रेल्वेनं येतो, पाणी उजनीतनं. पारावर चार माणसं होती. यादीतलं नाव विचारलं तर नेमके तेच आजोबा पुढं बसलेले, ऐंशीच्या घरातले, धोतर, हातात पंचा. बाकीच्यांना लांब बसायला सांगणं हेही नियमात आहे. ते लांब बसले म्हणजे तीन फूट सरकले.

तोपर्यंत मला सकाळची टोचणी लागली होती. म्हणून इथं सगळं नियमानं केलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

चौदावा. आजोबा म्हणाले, “ऐकलंय. पुष्कळ ऐकलंय.” मी ‘पुष्कळ’ टाकलं. व्याख्या वाचली. असं घडतंय असं वाटतं का? “घडतंय म्हणजे? बहात्तरचा दुष्काळ मी बघितलाय पोरी. खडी फोडलीय, सुकडी खाल्लीय. पण बहात्तरला धान्य नव्हतं, विहिरीला पाणी होतं. आता रेशनला धान्य आहे आणि बोअर सहाशे फुटांवर कोरडं.” हे वाक्य तुम्हीही कुठं ना कुठं ऐकलं असेल, अर्ध्या महाराष्ट्रातले म्हातारे ते म्हणतात. पण आजोबा पुढं बोलले ते जरा वेगळं होतं. “आमची सगळी रब्बी. ज्वारी हत्ती नक्षत्राच्या पावसावर पेरायची. पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती, म्हणायचे. आता हत्ती येतोय तर एका रात्रीत रान धुऊन नेतोय. वीसच्या ऑक्टोबरात बघितलं न्हवं? न्हाईतर येतच न्हाई, गेल्या सालागत. नक्षत्रं तीच हायेत, पाऊस त्यांचं ऐकत न्हाई.”

मी मनात म्हटलं, झालं. असा माणूस पाहिजे होता. पंधरावा प्रश्न ‘हो’. सोळावा वाचला: ‘आपल्या मते हा बदल मुख्यतः मानवी कृतींमुळे होत आहे की नैसर्गिक कारणांमुळे?’

“माणसामुळंच!” आजोबांनी पंचा मांडीवर आपटला. पारावरच्या तिघांनीही माना हलवल्या. “निसर्गाचा काय दोष? माणसामुळंच.”

मी कोड १ टाकला, मानवी कृती. शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर उत्तर. पुढच्या प्रश्नावर जाणार तेवढ्यात ते म्हणाले, “उजनी आमच्यासाठी बांधलं. आमच्या लोकांची गावं बुडाली. आणि पाणी कोण नेतंय? वरची लोकं. दोन-तीन सालामागं पाच टीएमसी इंदापूरला द्यायचा घाट घातला, जिल्हा पेटला तवा रद्द केलं. माणसामुळं म्हणजे पुढाऱ्यांमुळं. पाऊस पडला तरी पाणी आमाला न्हाईच.”

माझं बोट स्क्रीनवर तसंच. मागचं उत्तर बदलू का? बदलून काय करू? ‘नैसर्गिक’ तर ते म्हणालेच नव्हते. ‘माहीत नाही’ म्हणावं तर त्यांच्याइतकं ठाम उत्तर त्या दिवशी कुणी दिलं नव्हतं. प्रश्न वाचला होता अक्षरशः, उत्तर आलं होतं स्पष्ट. रेकॉर्डिंग ऐकणारा खूश होईल असंच सगळं. कोळसा, वायू, जंगलतोड, कारखाने यातलं एक अक्षर त्यांच्या मनात नव्हतं, आणि तक्त्यात ते ‘तापमानवाढ मानवनिर्मित आहे असं मानणारे’ या रांगेत जाऊन बसले. तेव्हापासून असा टक्केवारीचा तक्ता बघितला की त्यात आजोबा कुठं बसलेत हे मी शोधते.

कोळशाची वीजकेंद्रं टप्प्याटप्प्यानं बंद करावीत का, यावर आजोबांनी धुराड्यांकडं बघितलं. मग पारावरच्या एका तरुणाकडं. तो त्यांचा नातू निघाला, आत ठेकेदाराकडं कामाला होता. “ते बंद केलं तर ह्याचं काय?” मी प्रश्न पुन्हा वाचला. “आगं, तेच विचारतोय तुला.” नातू म्हणाला, “लिवा ‘बंद करू नये’.” आजोबा म्हणाले, “तू गप, तुला विचारलं का? माझं नाव आलंय.” बराच वेळ गेला. शेवटी म्हणाले, “धूर नको. नोकरी पाहिजे. असं लिव्ह.” असं लिहिता येत नाही. पर्याय पाच, ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत. मधला दाबला, ‘सहमतही नाही, असहमतही नाही’. हा मधला पर्याय दिसायला किती शांत दिसतो! आत आजोबा आणि नातू भांडत असतात.

मग २०७० चा प्रश्न. भारतानं २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केलं की २०७० पर्यंत आपलं कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणू. फॉर्ममध्ये ‘निव्वळ शून्य’ हा शब्द तसाच होता. लांब बसलेल्यातला एक म्हणाला, “आमचं तर आत्ताच निव्वळ शून्य आलंय बघा.” पार हसला. आजोबा हसले नाहीत. ते बोटांवर मोजत होते. नातवाच्या लहान भावाचं वय किती, त्यात सेहेचाळीस मिळवायचे. “तो साठीला येईल की,” म्हणाले. “तवर कोण सरकार, कोण आपण. हो लिव्ह. चांगलंच हाय, पोरांसाठी.” हा मला सगळ्यात प्रामाणिक पाठिंबा वाटला. कुणाचंच काही जाणार नसलेला, तरी मनापासून दिलेला.

संध्याकाळी परत येताना वारा सुटला होता, तोही गरम. घरी येऊन डोक्यावर दोन तांबे पाणी घेतलं. दोनच, कारण आमच्याकडंही चौथा दिवस. आणि साडेनऊला तो मेसेज.

फोन करून मी भांडले. सुपरवायझर पुण्याचा मुलगा, वयानं माझ्या भाच्याएवढा, पण कामात पक्का. म्हणाला, “मॅडम, तुम्ही गप्पा मारल्यात, मुलाखत नाही घेतलीत.” मी म्हटलं, त्या बाईनं मला पान मोडून दाखवलं, ते तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आलं का? तो म्हणाला, काहीतरी करकन वाजलं, मला वाटलं माइक खराब आहे. यावर काय बोलणार? तो पुढं म्हणाला, “दुपारची त्या आजोबांची मात्र मस्त झालीय. नवीन मुलांना नमुना म्हणून ऐकवतो.” मी आजोबांच्या पाच टीएमसीबद्दल तोंड उघडलं नाही. ही मुलाखत तरी पदरात राहू दे, असा विचार केला. हा माझा अप्रामाणिकपणाच होता.

रद्द मुलाखतींच्या जागी यादीतली दुसरी नावं घ्यायची असतात. अक्काचं घर मात्र यादीत तसंच राहिलं, कारण सुनेचं नाव वेगळ्या ओळीवर आलं होतं. म्हणून दोन दिवसांनी पुन्हा गेले, या वेळी सुनेची मुलाखत. पहाटे सहाला, ऊन चढायच्या आत.

अक्का म्हणाली, “परवा सांगितलं की सगळं.”

“आज हिचं आहे अक्का. आणि आज मी फक्त वाचणार.”

वाचत गेले. सून पानं कापत उत्तरं देत होती. चौदावा, दोनदा वाचला, ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. परवा तिथंच बसून तिनं सगळं ऐकलं होतं, पान तर तिनंच मोडलं होतं. पण ‘याविषयी आपण कितपत ऐकले आहे’ या वाक्याशी तिला त्याचा संबंध लागला नाही. “म्हायती नाय,” म्हणाली. कोड ८. व्याख्या वाचली. त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला ‘हो’. घडतंय का, हो. काळजी वाटते का, हो. सरकारनं करावं का, हो. ती माझ्याकडं बघतही नव्हती, तिचा कान गल्लीकडं होता.

शेवटचा प्रश्न राहिला होता. ‘मतदान करताना हा विषय आपल्यासाठी किती महत्त्वाचा आहे?’ तो वाचायला घेतला आणि गल्लीच्या टोकाला कुणीतरी ओरडलं, “पाणी आलं!” सून सूप ठेवून उठली तशी अख्खी गल्ली उठली. हंडे, बादल्या, प्लॅस्टिकच्या टाक्या, मोटारीला जोडायच्या पाइपा. मी टॅब घेऊन नळापाशी तिच्या मागं. शेवटचं उत्तर टाकल्याशिवाय फॉर्म पुढं जात नाही, आणि अर्धवट फॉर्मचे पैसे मिळत नाहीत.

“एकच राहिलाय गं. मत देताना हा विषय किती महत्त्वाचा?”

“कुठला विषय?” घागर भरत होती. तोटीतून आधी हवा, मग पिवळसर पाणी, मग बरं पाणी.

मी पुन्हा वाचला, जसाच्या तसा.

“पाणी लिवा,” ती म्हणाली.

स्क्रीनवर चार पर्याय होते. अत्यंत महत्त्वाचा, बऱ्यापैकी महत्त्वाचा, फारसा महत्त्वाचा नाही, अजिबात महत्त्वाचा नाही. या प्रश्नाला ‘इतर’ दिलेलंच नव्हतं. मी तशीच उभी. अक्कानं मागनं दुसरी घागर सरकवली आणि माझ्याकडं बघितलं.

“तुझं काम अडलंय का?”

“हो.”

“मग पहिलंच टाक की काय असेल ते. आणि ती बादली धर जरा.”

मी ‘अत्यंत महत्त्वाचा’ दाबलं आणि बादली धरली. रात्री मेसेज आला, मुलाखत मान्य, दर्जा उत्तम.